पोळी अजून बंद करू नका

नमस्कार डॉक्टर,
आम्ही ऐरोलीला राहतो. माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे, पहिलीत आहे. गेलं दीड वर्ष तिचं पोट बिघडलेलंच आहे. दिवसातून तीन-चार वेळा शी होते, पातळ, पांढुरकी आणि खूप वास येणारी. संध्याकाळी पोट टम्म फुगतं. वजन १५ किलोवरून हलत नाही. मागच्या दिवाळीचा फ्रॉक या दिवाळीलाही झाला. हिमोग्लोबिन ८.६ आहे, टॉनिकच्या बाटल्या संपतात पण आकडा तिथेच. तीन डॉक्टर झाले. एकांनी दोनदा जंतांचं औषध दिलं, दुसऱ्यांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक, तिसरे म्हणाले शाळा नवीन आहे, टेन्शन असेल. सासूबाई म्हणतात, आमच्याकडची सगळीच पोरं लहानपणी काटकुळी होती. मिस्टर म्हणतात, तू मोबाइलवर वाचून डोक्यात घेतेस. सोसायटीतली मैत्रीण म्हणते, महिनाभर गहू बंद कर, तिच्या भाचीला फरक पडला. एका लॅबचं दोनशे पदार्थांच्या तपासणीचं पॅकेज आहे, ते करू का? गहू बंद करू का? मला थायरॉइडची गोळी चालू आहे, त्याचा काही संबंध? धाकटा तीन वर्षांचा आहे, तो ठणठणीत आहे. त्यालाही दाखवू का? की मीच उगाच मागे लागले आहे?
– एक आई, ऐरोली

ताई,

तुमचा अगदी शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्ही उगाच मागे लागलेल्या नाही. शी किती वेळा आणि कशी होते हे तुम्ही नीट लिहिलंय, पण मला त्याहून जास्त खटकलं ते १५ किलोवर अडकलेलं वजन आणि दोन दिवाळ्या पुरलेला फ्रॉक. या वयात मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर उंच होतं आणि दोनेक किलोंनी भरतं. काही मुलं मुळात बारीक चणीची असतात, सासूबाई म्हणतात त्यात तथ्य आहे. पण बारीक चणीचं मूलसुद्धा आपल्या चालीने वाढत राहतं. दीड वर्ष वजन हललंच नाही, याला ‘आमच्याकडे असंच असतं’ हे उत्तर होत नाही.

‘टेन्शन असेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरांवर मात्र रागावू नका. शाळेच्या वयात पोटदुखी हा प्रकार फार मोठा आहे. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने ब्रिस्टलमधल्या हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ साली प्रसिद्ध केली. त्यात दहांतल्या साधारण एका मुलाचं पोट वारंवार दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नाही. ते दुखणं खोटं नसतं, पण त्यासाठी एंडोस्कोपीही (पोटात नळी घालून करायची तपासणी) लागत नाही. शाळेतलं स्वच्छतागृह घाण म्हणून दिवसभर शी धरून ठेवणारी, मग खडा होऊन पोट दुखणारी मुलं तर प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या ओपीडीत रोज असतात. अशा मुलांचं वजन वाढत असतं, ती खेळत असतात, रात्री शांत झोपतात, आणि ‘कुठे दुखतं?’ विचारलं की बहुतेक वेळा बेंबीवर हात ठेवतात. तुमच्या मुलीची वाढ थांबलीय, रक्त कमी आहे आणि औषधाला दाद देत नाही. एवढं समोर असताना तपासण्या न करता टेन्शनवर थांबता येत नाही.

आता गव्हाचं. मैत्रिणीचा सल्ला वेडगळ नाही, फक्त तो चुकीच्या वेळी आलाय. तिच्या मनात जो आजार आहे त्याला सीलिॲक म्हणतात. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीरात त्यामुळे प्रतिकारशक्ती उलटते आणि लहान आतड्याच्या आतलं अस्तर झिजवते. त्या अस्तरावरच्या सूक्ष्म उंचवट्यांतूनच अन्न शोषलं जातं. ते सपाट झाले की मूल खातं, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. चरबी न पचता बाहेर पडते, म्हणून शी पांढुरकी आणि वासाची. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आणि या आजारात मार बसतो तोही त्याच भागाला. म्हणून टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि आकडा हलत नाही.

गव्हाचा हा संबंध पक्का केला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून संशय होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, आणि त्याच्या वॉर्डातली ही आजारी मुलं त्या उपासमारीतही सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली. १९५० साली त्याने यावर प्रबंध लिहिला. म्हणजे गहू बंद केल्यावर फरक पडतो, हे खरंच आहे.

मग मी थांबा का म्हणते? कारण सीलिॲकच्या तपासण्या पोटात गहू जात असतानाच खऱ्या निघतात. रक्ततपासणीत जी प्रतिद्रव्यं मोजतात ती गहू बंद केल्यावर कमी होत जातात, आतडंही हळूहळू भरून येतं. महिनाभर भाकरी खाल्लेल्या मुलीचा रिपोर्ट नॉर्मल किंवा धड ना इकडचा ना तिकडचा येऊ शकतो. मग डॉक्टर सांगतात, आता पुन्हा काही आठवडे गहू खायला घाला आणि मग या. नुकतंच बरं वाटू लागलेल्या मुलीला परत आजारी पाडायचं, हे कुठल्या आईच्या हातून होणार? बहुतेकजणी ते करत नाहीत, आणि प्रश्न कायमचा लटकत राहतो. दुसरं असं की गहू सोडल्यावर सीलिॲक नसलेल्यांचंही पोट हलकं होतं. गव्हात काही साखरी असतात, त्या मोठ्या आतड्यात आंबून गॅस करतात. त्यामुळे फरक पडला म्हणजे निदान झालं, असं धरता येत नाही. मैत्रिणीच्या भाचीला नक्की काय होतं ते आता बहुधा कोणालाच कळणार नाही.

आणि निदान पक्कं असणं इथे फार महत्त्वाचं आहे. सीलिॲक असेल तर गहू जन्मभर बंद. उद्या ती कॉलेजला जाईल, मैत्रिणी वडापाव खात असतील, तेव्हा ‘आईला लहानपणी कोणीतरी सांगितलं होतं’ एवढ्यावर ती तो नाकारणार नाही. कागदावर लिहिलेला बायॉप्सीचा, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा कण काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट असेल तर नाकारेल, निदान तशी शक्यता तरी जास्त. म्हणून तपासणी होईपर्यंत डब्यात पोळी जाऊ द्या, पोट फुगलं तरी. काही आठवड्यांचा प्रश्न आहे.

तिला सीलिॲकच आहे असं मी म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्या. पत्रावरून निदान करणारा डॉक्टर आणि कुंडलीवरून पोट तपासणारा, दोघे सारखेच. हीच लक्षणं जिआर्डिया नावाच्या परजीवीने होतात. तो दूषित पाण्यातून येतो, आणि जंतांची नेहमीची एक गोळी त्याला पुरी पडेलच असं नाही. आतड्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे. ताप, घरात किंवा शेजारी कोणाला टीबी, उजवीकडे खाली पोट दुखणं असं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. क्रोन्ससारखे आतड्याला सूज आणणारे आजार मुलांतही होतात आणि ते टीबीसारखेच दिसतात. दूध न पचणं हेसुद्धा असू शकतं, पण ते बऱ्याचदा दुसऱ्या आजारामुळे आतडं झिजल्याने होतं. म्हणजे दूध बंद करून थोडं बरं वाटलं तरी मूळ दुखणं आत तसंच राहतं. हिमोग्लोबिनचंही तेच. टॉनिक दुधाबरोबर देत असाल तर ते नीट शोषलं जात नाही, आणि थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, असेल तर नुसत्या लोहाने आकडा फारसा वाढतच नाही. एचबी इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीने ते कळतं.

तुमच्या थायरॉइडचा संबंध असू शकतो. थायरॉइडचे बरेचसे आजार प्रतिकारशक्ती उलटल्याने होतात आणि अशा कुटुंबांत सीलिॲकचं प्रमाण जरा जास्त आढळतं. थायरॉइड इतकं घरोघरी आहे की त्यावरून पुराव्यासारखं काही ठरत नाही, पण डॉक्टरांना सांगायची ही गोष्ट नक्की आहे. तुम्ही तिन्ही डॉक्टरांना सांगितली होती का?

दोनशे पदार्थांचं पॅकेज करू नका. त्यात बहुतेक वेळा आयजीजी नावाची प्रतिद्रव्यं मोजतात. ती एवढंच दाखवतात की हा पदार्थ माणसाने खाल्लेला आहे. रिपोर्टात रंगीत पट्ट्यांनी दूध, गहू, अंडं, टोमॅटो, हळद असं काहीबाही निघतं, आणि आधीच वजन न वाढणाऱ्या मुलीच्या ताटातून आई एकेक पदार्थ काढायला लागते. हजारो रुपये देऊन मुलीला उपाशी ठेवायचा हा प्रकार आहे, आणि मला त्याचा मनापासून राग आहे.

त्याऐवजी टीटीजी-आयजीए ही सीलिॲकची प्रतिद्रव्यं मोजणारी रक्ततपासणी करा, आणि तिच्यासोबत टोटल आयजीए. ही दुसरी मुद्दाम मागून घ्या, बऱ्याच चिठ्ठ्यांवर ती राहून जाते. काही मुलांच्या शरीरात आयजीए हा प्रतिद्रव्यांचा प्रकार मुळातच कमी असतो. त्यांचा टीटीजी आजार असूनही नॉर्मल येतो आणि सगळे निश्चिंत होतात. उपाशीपोटी जावं लागत नाही. त्याच सुईत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), सीआरपी (अंगातली सूज), लिव्हर, थायरॉइड होऊन जाऊ दे. शीची तपासणी वेगवेगळ्या दिवशीच्या तीन नमुन्यांवर व्हावी, कारण जिआर्डिया रोज बाहेर पडत नाही. आतड्याला सूज असल्याचा संशय असेल तर शीतलं कॅल्प्रोटेक्टिन मोजतात. लघवीची साधी तपासणीही करून घ्या.

सोनोग्राफी सांगतीलच. तिच्या रिपोर्टात ‘मेसेंटरिक लिम्फ नोड्स’ अशी ओळ आली तर घाबरू नका. पोटात छोट्या गाठी धडधाकट मुलांतही दिसतात. त्या एका ओळीवरून कोणी टीबीची औषधं सुरू करायला सांगितलं, तर दुसरं मत घेतल्याशिवाय सुरू करू नका.

टीटीजी जास्त आला तर पुढची पायरी एंडोस्कोपी. नाव ऐकून घरात रडारड होते म्हणून सांगते. मुलीला झोपेचं औषध देतात, तोंडातून बारीक नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि अस्तराचे चार-सहा कण काढतात. तिला ते दुखत नाही, आणि सहसा त्याच दिवशी ती घरी येते. युरोपातल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टीटीजी कमाल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही सीलिॲकच्याच प्रतिद्रव्यांची दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली, तर बायॉप्सीशिवाय निदान करता येतं. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर बायॉप्सी करूनच घेतात आणि मला ते पटतं. जन्मभराचं पथ्य लावायचंय, अस्तर डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

हे सगळं कोणाकडे? चौथ्या, पाचव्या जनरल डॉक्टरकडे जाऊ नका. आधी एक बालरोगतज्ज्ञ धरा आणि त्यांच्याकडून मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या. मोठ्यांचे गॅस्ट्रोचे डॉक्टर ठाण्यात, वाशीत सगळीकडे आहेत. मुलांचे वेगळे असतात आणि कमी असतात, म्हणून फोन करून ‘पीडियाट्रिक गॅस्ट्रो आहेत का आणि कुठल्या दिवशी’ एवढंच विचारा. परळचं वाडिया रुग्णालय हे खास मुलांचं. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि तिथून स्लो लोकलने थेट परळ. फास्टने दादरला उतरून मुलीला कडेवर घेऊन जिने चढू नका. परळला केईएमही शेजारीच आहे. पहिल्या तपासण्यांसाठी एवढं लांब जायची गरज नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि नेरूळचं डी. वाय. पाटील, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. एंडोस्कोपीचा खर्च झेपणारा नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. मागायला लाजू नका, तो हक्क आहे.

जाण्याआधी एक काम घरी करा. तिची जुनी वजनं-उंच्या शोधा. लसीकरणाच्या कार्डावर, बालवाडीच्या आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात, जुन्या चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात आकडे सापडतील. तारखेसकट एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना ग्रोथ चार्टवर ते बिंदू मांडायला सांगा. भारतीय बालरोग अकादमीचे ५ ते १८ वर्षांसाठीचे २०१५ चे तक्ते आहेत, बालरोगतज्ज्ञांकडे ते असतातच. वर जाणारी रेघ अमुक महिन्यापासून आडवी झाली, हे त्या तक्त्यावर दिसलं की ‘टेन्शन असेल’ म्हणणारेही खुर्चीत सरळ बसतात. मिस्टरांनाही तोच तक्ता दाखवा. तुम्ही मोबाइलवर काय वाचलंत यावर वाद घालता येतो, मुलीच्या आकड्यांवर येत नाही. शक्य असेल तर त्या दिवशी त्यांना रजा घेऊन सोबत न्या. तुम्ही घरी येऊन सांगाल ते ‘तुझं म्हणणं’ होईल, त्यांनी स्वतः ऐकलेलं डॉक्टरांचं राहील.

आठवडाभर शीची नोंद ठेवा आणि फोनवर दोन-तीन फोटो काढा. किळस वाटेल, पण ‘पांढुरकी’ म्हणजे नक्की कशी हे फोटोवरून एका क्षणात कळतं. लोहाचं टॉनिक चालू असताना शी काळपट होते, त्याने गोंधळू नका. टॉनिक चालू राहू दे, सीलिॲकच्या तपासण्यांत त्याने काही बिघडत नाही. आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. हे औषध काय आजार समजून देताय? आणि याने फरक पडला नाही तर पुढे काय तपासायचं? आवाज न चढवता विचारलं तर चांगला डॉक्टर चिडत नाही. चिडला, तर तुम्हाला तेही कळेल.

यातली काही लक्षणं मात्र ओपीडीच्या तारखेची वाट पाहू देत नाहीत. शीतून रक्त, हिरवी उलटी, पोट फुगून कडक होणं, मुलगी मलूल पडणं किंवा लघवी कमी होणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुखण्याने किंवा शीला लागून ती रात्री झोपेतून उठत असेल, तोंड वारंवार येत असेल, सांधे दुखत असतील तर तेही कागदावर लिहा.

समजा सीलिॲकच निघालं. तुम्हाला वाईट वाटेल, पण पथ्याच्या बाबतीत आपलं मराठी घर बऱ्यापैकी नशीबवान आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, नाचणी, भात, घावन, आंबोळी, पोहे, साबुदाणा, वरई, उकडीचे मोदक, हे सगळं चालतं. घात होतो तो वेगळ्याच ठिकाणी. बाजारातल्या हिंगाच्या डबीत बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. रवा आणि शेवया म्हणजे गहूच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. माल्टवाली दुधातली पावडर जवापासून बनते. आणि गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर ती भाकरीसुद्धा चालत नाही. घरघंटी असेल तर ती फक्त तिच्या धान्यासाठी ठेवा. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहिलं असेल तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं लागतं. पण हा सगळा पुढचा अभ्यास. आहारतज्ज्ञांकडे तेव्हा सविस्तर बसा, आज स्वयंपाकघर हलवू नका.

टीटीजी आणि टोटल आयजीए दोन्ही नीट आले तर सीलिॲक बरंचसं मागे पडतं, पण शोध तिथे संपत नाही. वजन का थांबलं याचं उत्तर मिळेपर्यंत त्याच डॉक्टरांकडे जात राहा. दर वेळी नवीन डॉक्टर म्हणजे दर वेळी पुन्हा जंतांच्या औषधापासून सुरुवात.

धाकट्याला आता कुठेही नेऊ नका. त्याच्या बहिणीचं सीलिॲक पक्कं झालं, तरच त्याची, तुमची आणि मिस्टरांची टीटीजी करून घ्या, कोणाला काही त्रास नसला तरी. सख्ख्या नात्यात हा आजार काहीच लक्षणं न दाखवता असू शकतो. आणि तोपर्यंत त्याच्याही ताटातली पोळी तशीच राहू दे.